अकाली स्मृतिभ्रंश व घरची माणसे

विसरणे हा केवळ म्हातारपणाचा धर्म होय, असे आपण समजतो. परंतु वयाच्या पासष्टीच्या आंत, क्वचित् चाळिशींतही, मनुष्याची स्मृति व विवेक हरण करणारा रोग जडतो. त्यास अकाली स्मृतिभ्रंश म्हणतात.

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी ऑगस्ट डेटर नांवाच्या ५१ वर्षांच्या स्त्रीस इस्पितळांत आणिले. प्रथम ती नवऱ्याचा विनाकारण संशय घेऊं लागली. पुढे तिला स्वतःचे नांवही नीट लिहितां येईना. १९०६ साली ती वारली. डॉक्टर अल्झायमर ह्यांनी तिचा मेंदू तपासून त्यांतील विकृति प्रसिद्ध केली व पुढे रोगास त्यांचेच नांव पडले.

ह्यावरून दिसते की, पहिले लक्षण विसरणेच असेल असे नाही. संशय, संताप, उधळेपणा किंवा उदासीनता आधी दिसते. म्हणून लोक रोग्यास आळशी, दारुडा किंवा बाहेरची बाधा झालेला ठरवितात.

आतां भंडारा जिल्ह्यांतील एखादे घर मनांत आणा. कर्ता पुरुष पंचेचाळिशीचा. सोसायटीचे कर्ज फिटावयाचे, मुले शाळेंत. बायकोने धानाच्या बांधींत रोवणीस जावे की नवऱ्यावर नजर ठेवावी? थोरला मुलगा शाळा सोडून मजुरीस लागतो. बाप सोबत्यांसमोर ओरडला म्हणजे मुलास लाज वाटते, राग येतो, आणि मागून त्या रागाचेच दुःख होते. रोग एकास, पण भोग सर्वांस.

तर काय करावे? प्रथम डॉक्टरांकडे न्यावे. थायरॉइडची उणीव, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, डोक्यास मार लागून साकळलेले रक्त, ह्यांनीही अशीच लक्षणे होतात व ती उपचाराने सुधारूं शकतात. खऱ्या अल्झायमर रोगास समूळ बरे करणारे औषध अद्याप नाही. तरी निदान झाल्याने दोष देणे थांबते. भूत उतरविण्याच्या निमित्ताने मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. रोग्यास समज आहे तोंच पैशाचे व जमिनीचे व्यवहार त्याच्या संमतीने विश्वासू माणसाच्या हाती द्यावे. मुलांस खरे कारण सांगावे व त्यांची शाळा सोडवूं नये. सल्ल्यासाठी १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर फुकट बोलतां येते.

शेजाऱ्यांनी आठवड्यांतून दोन तास रोग्यापाशी बसावे. तेवढ्यांत त्या माउलीची रोवणी होईल.

विचारासाठी प्रश्न : १. स्वभाव एकाएकी पालटलेल्या माणसास आपण काय म्हणतो? २. अशा घरच्या मुलांची शाळा टिकविण्यास आपले गांव काय करील?