दाढ कुणी काढली?

वैशाली नगर, जयपूर

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

इंटर्नशिप संपवून तू माझ्या दवाखान्यात बसायला येते आहेस, फार बरं वाटलं. हात चांगला आहे असं ताई सांगते. मला काळजी आहे ती तुझ्या इंग्रजी क्रियापदांची. इथले बहुतेक पेशंट हिंदीत नाहीतर ढूंढाडीत बोलतात, ते तुला जमेल. पण अधूनमधून एखादा परदेशी पर्यटक गाल धरून येतो, मुलाकडे राहायला आलेले तमिळ आजोबा येतात. तिथे इंग्रजीवाचून गत्यंतर नाही.

आपण सहज म्हणतो, ‘मी दाढ काढली.’ काढलेली असते डॉक्टरांनी, पण ऐकणाऱ्याला ते कळतं. इंग्रजीत ‘आय रिमूव्ह्ड माय टूथ’ म्हटलंस, तर घरी पक्कड घेऊन स्वतःच उपटली असा अर्थ होईल. तिथे ‘आय हॅड अ टूथ टेकन आउट’ म्हणतात. केस पेपरवर ‘एक्स्ट्रॅक्ट’ खुशाल लिही, पण खुर्चीत घाबरून बसलेल्याला ‘टेक आउट’च सांग. ‘पुल’ तर नकोच, ऐकूनच माणूस जबडा आवळतो.

खरी गल्लत होते चूळ आणि गुळणीची. रिन्स म्हणजे चूळ. गार्गल म्हणजे मान मागे टाकून घशात खळखळ. दाढ काढल्यावर पहिले 24 तास यांतलं काहीच नको, जोरात थुंकणंही नको. खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी निघाली, की ड्राय सॉकेट होतो आणि ठणका कानापर्यंत जातो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याची चूळ, तीही हलकी. म्हणून ‘वॉश युवर माउथ’ असं मोघम बोलू नकोस. गॉजचा बोळा दिल्यावर ‘बाइट डाउन अँड होल्ड’ म्हण. नुसतं ‘बाइट’ म्हटलं, तर लोक तो चघळत बसतात.

रोजच्या ब्रशिंगसाठी ब्रिटनमध्ये ‘स्पिट, डोन्ट रिन्स’ असं सांगतात: फेस थुंका, पण लगेच चूळ भरू नका, नाहीतर पेस्टमधलं फ्लोराइड धुऊन जातं. हे आपल्या लोकांच्या गळी उतरवणं कठीण. खळाखळा चुळा भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं मलाही वाटत नाही!

आणि एक. नागौरसारख्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड कमाल मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरला 1.5 मिलिग्रॅमपेक्षा, जास्त असतं. दात घडण्याच्या वयात ते पाणी पोटात गेलं, की दातांवर कायमचे तपकिरी डाग पडतात. तिकडची एखादी इंजिनिअर मुलगी हट्टाने इंग्रजीतच बोलेल. तिला ‘डोन्ट यू ब्रश?’ विचारलंस, तर ती पुन्हा पायरी चढणार नाही. ते डाग घासून जात नाहीत, त्यामुळे क्लीन आणि स्क्रब ही क्रियापदं तिथे लागूच नाहीत. ‘व्हेअर डिड यू ग्रो अप?’ असं विचार आणि ती बोलत असताना दात बघ.

तिकीट काढलंस की कळव. स्टेशनवर माणूस पाठवते.

तुझी,
मावशी