शेराचा चीक : औषध कुठवर, विष कुठून?

पावसाळा तोंडावर आला की उत्रोली परिसरात बांधावरची कुंपणे छाटायचे काम निघते आणि एक तक्रार आमच्याकडे हमखास येते : "ताई, डोळ्यात शेराचा चीक गेला."

गेल्या वर्षी मजुरीवर कुंपण छाटणाऱ्या एका भगिनीच्या डोळ्यात असाच चीक उडाला. शेजारणीने तूप घातले. आग थोडी कमी झाली म्हणून त्या कामाला लागल्या. रात्री डोळा सुजला, उजेड सहन होईना. दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या. आम्ही डोळा धुऊन त्यांना लगेच नेत्रतज्ज्ञाकडे पाठवले. दृष्टी वाचली, पण दोन आठवड्यांची मजुरी बुडाली.

ओळख पटवून घ्या

आपण सगळ्यालाच 'निवडुंग' म्हणतो, घोळ तिथेच होतो. फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला. त्याची लाल बोंडे खातात आणि तो मोडला तर दुधासारखा चीक निघत नाही. तीनधारी निवडुंग, वई निवडुंग आणि पेन्सिलीएवढ्या हिरव्या कांड्यांचा शेर यांचे कूळ वेगळे. यांची कांडी मोडताच पांढरा चीक भळभळ वाहतो. त्यातली दाहक द्रव्ये कातडी भाजतात आणि डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पडद्याला इजा करतात. म्हणूनच गुरे या झाडांना तोंड लावत नाहीत आणि म्हणूनच ती कुंपणाला लावली जातात.

जुने उपाय

आपल्या आज्या-पणज्या चामखिळीवर चीक लावत, किडक्या दाढेत भरत. वई निवडुंगाचे पान भाजून त्याचा रस खोकल्यावर देत. दवाखाना कोसावर आणि हातात पैसा नाही, तेव्हा बांधावरचे झाड हाच आधार होता. त्यांना हसण्याचे कारण नाही.

आयुर्वेदात वई निवडुंगाला स्नुही म्हणतात. चरकसंहितेने तीव्र जुलाबाच्या औषधांत स्नुहीच्या दुधाला सर्वांत वरचे स्थान दिले आहे. रसशास्त्रात मात्र तिची गणना उपविषांत होते. म्हणजे जुन्या वैद्यांनाही हे विष आहे हे पक्के ठाऊक होते.

भगंदरावरच्या क्षारसूत्रातही हाच चीक असतो. दोऱ्यावर एकूण २१ लेप चढवतात : ११ नुसत्या चिकाचे, ७ चीक व आघाड्याच्या क्षाराचे, ३ चीक व हळदीचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या दोऱ्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली. निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. दोऱ्याने जखम भरायला सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने ४. पण वर्षभरात दुखणे उलटण्याचे प्रमाण दोऱ्याने ४ टक्के, तर शस्त्रक्रियेने ११ टक्के होते. उपाय खरा आहे, पण तो प्रशिक्षित वैद्याच्या हातचा. घरी चिकात बुडवलेला दोरा म्हणजे क्षारसूत्र नव्हे.

आधुनिक औषधशास्त्रालाही हे कूळ सोपे गेलेले नाही. याच कुळातील एका युरोपीय रानरोपाच्या चिकातील द्रव्याचे मलम अमेरिकेत २०१२ साली त्वचेवरील कर्करोगपूर्व चट्ट्यांसाठी मंजूर झाले. ते लावलेल्या जागी त्वचेचा कर्करोग होण्याची भीती दिसल्याने २०२० साली युरोपात ते मागे घेतले गेले. मोजूनमापून केलेल्या औषधाची ही गत, मग कांडी मोडून घेतलेल्या चिकाचे माप कोण ठेवणार?

वैद्य जीवकाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. आचार्यांनी त्याला औषधी नसलेली वनस्पती शोधायला पाठवले आणि तक्षशिलेभोवती योजनभर फिरून तो रिकाम्या हाताने परतला. पण त्याआधी तो सात वर्षे शिकला होता, हे सांगायचे राहून जाते.

चीक डोळ्यात गेला तर

१. डोळा चोळू नका. आधी हात साबणाने धुवा.
२. चीक गेलेला डोळा खालच्या बाजूला येईल अशी मान कलती करा. पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याची धार किमान १५ ते २० मिनिटे सोडा. शेतात असाल तर पिण्याच्या पाण्याची कळशी वापरा, घरी पोहोचेपर्यंत थांबू नका.
३. तूप, हळद, अंगावरचे दूध, गुलाबपाणी काहीही घालू नका. मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका. चुकीच्या थेंबांनी डोळा जाऊ शकतो.
४. बरे वाटले तरी त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. त्रास काही तासांनी वाढतो.

अंगावर किंवा पोटात गेला तर

कातडी साबण-पाण्याने धुवा. चीक गिळला असेल तर चूळ भरा, पण उलटी करवू नका. १०८ ला फोन करा. झाडाची फांदी पिशवीत घालून सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना विष ओळखता येईल. मूल किंवा गरोदर बाई असेल तर क्षणही दवडू नका.

छाटणीला जाताना जुना चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घाला. वारा पाठीमागून येईल असे उभे राहा. मजूर लावणाऱ्या शेतकऱ्याकडे चष्मा आणि हातमोजे मागा. मागायला लाजू नका, कारण डोळा गेला तर मजुरीही जाते.

हे पान कापून विहाराच्या भिंतीवर लावा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा.