इवलासा कृमी, मोठी साक्ष

(निकेल हा धातू माती-पाण्यात मिसळला तर सजीवांवर कोणते परिणाम होतात? ते शोधण्यासाठी एक छोटासा कृमी शास्त्रज्ञांना कशी मदत करतो, हे या पाठात सांगितले आहे.)

स्वस्त कानातले घातल्यावर कुणाच्या कानाला खाज सुटलेली तुम्ही पाहिली असेल. पुष्कळदा तिचे कारण असते निकेल. निकेल चांदीसारखे चकाकते आणि सहजासहजी गंजत नाही. म्हणून स्टेनलेस स्टील, नाणी, बॅटऱ्या यांत आणि मुलामा देण्यासाठी ते वापरतात.

मात्र खाणी, कारखान्यांचे सांडपाणी, कोळसा व तेल यांचा धूर यांतून निकेल हवेत, पाण्यात व मातीत जाते. पालापाचोळा कुजून जातो. धातू कुजत नाही, तो साचत राहतो. निकेलच्या संयुगांची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांमध्ये फुप्फुसाचा आणि नाकाचा कर्करोग आढळला आहे.

मग किती निकेल घातक? हे पाहण्यासाठी माणसांना विष देता येईल का? मुळीच नाही. म्हणून शास्त्रज्ञ एका कृमीकडे वळले. त्याचे नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स.

हा पोटातला जंत नव्हे. तो कुजलेल्या फळांत व पाल्यात राहतो आणि जीवाणू खातो. त्याची लांबी जेमतेम एक मिलिमीटर! त्याचे शरीर पारदर्शक असते. तो सुमारे तीन दिवसांत मोठा होतो, दोन-तीन आठवडे जगतो आणि जवळजवळ ३०० अंडी घालतो. जननपेशी वगळता त्याच्या शरीरात ९५९ पेशी असतात. त्यांपैकी ३०२ चेतापेशी. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात केंब्रिज येथे त्याचा अभ्यास सुरू केला. २००२ साली त्यांना दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

आता प्रयोग पाहा. काही बश्यांत एकाच वयाचे कृमी ठेवतात. अन्न सारखे, तापमानही सारखे. एका बशीत निकेल मुळीच नसते. इतर बश्यांत त्याचे प्रमाण वाढवत नेतात. निकेल नसलेली बशी कशाला, असे तुम्ही विचाराल. त्या बशीतलेही कृमी तितकेच मेले, तर दोष निकेलला देता येईल का?

चोवीस तासांनी बारीक तारेने कृमीला हळूच स्पर्श करतात. तो हलला नाही तर मेला, असे समजतात. पण काम येथेच संपत नाही. जे जगले त्यांची लांबी मोजतात. ते मिनिटात किती वळसे घेतात, किती अंडी घालतात, हेही पाहतात. आणि काय दिसते? ज्या प्रमाणात कृमी मरत नाहीत, त्या प्रमाणातही ते मंदावतात, खुरटतात, त्यांना पिल्ले कमी होतात.

नुसते मेलेले कृमी मोजले असते, तर ते पाणी निर्धोक ठरले असते! जिवंत असणे म्हणजे सुखरूप असणे नव्हे. ‘नदीतले मासे मेले नाहीत, मग पाणी चांगलेच आहे,’ असे कुणी म्हणाले, तर या कृमीची साक्ष आठवा.

अर्थात कृमी म्हणजे माणूस नव्हे. त्याला फुप्फुसे नाहीत. म्हणून त्याचे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येत नाहीत. त्यांच्या जोडीला इतर पुरावे लागतात. पण धोक्याची पहिली सूचना तो लवकर देतो. ती ऐकणे आपल्या हाती आहे. वापरलेली बॅटरी गटारात फेकण्यापूर्वी क्षणभर थांबा. मातीतल्या मुक्या जिवांनाही त्याची झळ लागते.

शब्दार्थ
साक्ष – गवाही
मुलामा – धातूचा पातळ थर
पारदर्शक – आरपार दिसणारे
खुरटणे – वाढ न होणे
निर्धोक – धोका नसलेले

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तर लिहा : हा कृमी काय खातो?
२. कारण लिहा : एका बशीत निकेल घालत नाहीत.
३. ‘जिवंत असणे म्हणजे सुखरूप असणे नव्हे’ हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : स्वस्त, जिवंत, घातक.