काळ्या जमिनीतील मॉन्टमोरिलोनाइट : गुणधर्म व ओळख

उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि तीच जमीन झडीच्या पावसानंतर लवकर वाफशावर येत नाही. याचे मुख्य कारण म्हणजे तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज होय. बेसॉल्ट खडकापासून तयार झालेल्या आपल्या काळ्या जमिनीत या गटातील खनिजे जास्त असतात. कोकणातील जांभ्या जमिनीत मात्र केओलिनाइट हे न फुगणारे खनिज प्रामुख्याने आढळते.

गुणधर्म : चिकणमातीचे कण ०.००२ मि.मी. पेक्षा बारीक असतात. या खनिजाच्या प्रत्येक पापुद्र्यात सिलिकाच्या दोन थरांमध्ये अॅल्युमिनाचा एक थर असतो. पापुद्रे एकमेकांना सैल धरलेले असल्याने पाणी आत शिरते व माती फुगते. कॅल्शियम, पोटॅशियम, अमोनियम ही अन्नद्रव्येही येथेच धरली जातात. त्यांची विनिमय क्षमता १०० ग्रॅमला ८० ते १५० मिलिइक्विव्हॅलंट, तर केओलिनाइटची केवळ ३ ते १५ असते.

ओळख : माती वाळवून, कुटून ०.४२५ मि.मी. चाळणीतून चाळावी. दोन मोजनळ्यांत प्रत्येकी १० घ.सें.मी. माती घेऊन एकीत पाणी व दुसरीत रॉकेल १०० मि.लि. खुणेपर्यंत भरावे, ढवळावे व २४ तास ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. रॉकेल विस्तवापासून दूर ठेवावे. पाण्यात १८ व रॉकेलमध्ये १० घ.सें.मी. थर बसल्यास फुगवण ८० टक्के समजावी. साधारणतः ५० च्या आत कमी व १०० च्या वर जास्त फुगवण मानतात. खनिजाची खात्री मात्र प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणीनेच होते.

व्यवस्थापन : फुगणारी जमीन म्हणजे खराब जमीन नव्हे. परंतु तिच्यात सोडियम वाढल्यास कण विखुरतात व निचरा बंद पडतो. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात हीच अडचण आहे. पावसाच्या पाण्यात ढवळलेली माती दिवसभरानंतरही निवळली नाही, तर सोडियमची शंका घ्यावी व माती परीक्षण करून घ्यावे. अहवालाशिवाय जिप्सम टाकून खर्च करू नये. ओल्या जमिनीत अवजारे घालू नयेत. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरणी करावी, जादा पाणी चरातून बाहेर काढावे आणि विहिरीचे पाणीही तपासूनच ओलितास वापरावे. निचरा एकदा बिघडला की तो सुधारण्यास अनेक हंगाम लागतात, हे ध्यानात ठेवावे.