तीन विजयांची पिछाडी

प्रश्न : मुलगा अमेरिकेत गेल्यापासून आम्हालाही एनएफएलचा नाद लागलाय. पाचच सामने उरलेत आणि संघ डिव्हिजनमध्ये तीन विजयांनी मागे आहे, तर आशा किती धरावी?

उत्तर : आधी वेळापत्रक उघडा, गुणतक्ता नंतर. अव्वल संघाशी अजून किती वेळा गाठ पडणार आहे? त्या सामन्यात तुमचा विजय आणि त्यांचा पराभव एकदमच पदरात पडतो.

डिसेंबर २०२२ मध्ये टेनेसी टायटन्स ७-५ आणि जॅक्सनव्हिल जॅग्वार्स ४-८ असे होते. पण आपसातल्या दोन्ही लढती बाकी होत्या. त्या जिंकल्या की पिछाडी एकावर येते. शिवाय बरोबरी झाल्यास पहिला निकष आपसातल्या निकालाचाच. प्रत्येक सामना नाणेफेक समजा. दोन्ही जिंकण्याची शक्यता चारात एक. उरलेल्या तीन-तीन सामन्यांत निदान एक विजय जास्त मिळवण्याची ६४ पैकी २२. गुणाकार जेमतेम ९ टक्के.

जॅग्वार्सनी पाचही जिंकले, टायटन्स पाचही हरले! गंमत म्हणजे सतराव्या आठवड्यातले निकाल डिव्हिजनपुरते निरर्थक होते. शेवटची लढत जिंकेल तोच विजेता, हे आधीच ठरलं होतं. ७ जानेवारी २०२३ला जॅग्वार्सनी ती २०-१६ अशी मारली.

नाणेफेकीचा हिशेब ढोबळच. टायटन्सचा क्वार्टरबॅक रायन टॅनहिल तेव्हा जायबंदी होता. असं काही घडलं की ५० टक्के धरून बसू नका, आकडा लगेच बदला.