साठवणीतील देवदार व चीड

जुने झाले म्हणजे लाकूड बाद झाले, अशी सरसकट समजूत आढळते. तिच्यापायी संस्थांच्या पडवीत वर्षानुवर्षे पडून असलेल्या चांगल्या फळ्या सरपणाला जातात. उलट, वरून धड दिसणारी पण आतून कुजलेली तुळई कधी मुलांच्या डोक्यावर चढविली जाते. पहिल्या चुकीत पैशाची हानी, दुसरीत जिवाची. म्हणून या विषयाचा येथे थोडा अभ्यास करू.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. शास्त्रात ‘मऊ लाकूड’ म्हणजे देवदार, चीड अशा सूचिपर्णी वृक्षांचे लाकूड. हाताला मऊ लागणे ही त्याची कसोटी नव्हे. आपली काटेसावर नखाने ओरखडते, तरी रुंद पानांची असल्यामुळे ‘कठीण’ वर्गात मोडते.

केवळ वयाने लाकूड कुजत नाही. जपानात नारा येथील होर्युजी मंदिरातील सूचिपर्णी लाकडाचे खांब सुमारे तेराशे वर्षे उभे आहेत. कुजविते ती बुरशी, आणि तिला पाणी लागते. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या शेकडा 20 हून कमी राहिला, तर ती वाढू शकत नाही.

उन्हापावसाचे कार्य निराळे. उन्हातील अतिनील किरण तंतूंना जोडणारे लिग्निन नावाचे द्रव्य तोडतात. पाऊस ते धुऊन नेतो. फळी राखाडी होते. मऊ, फिकट थर आधी झिजतात व गर्द थर शिरांसारखे वर राहतात. परंतु ही झीज शंभर वर्षांत सुमारे 6 मिलिमीटरच असते. रंधा मारताच आतले निरोगी लाकूड दिसू लागते.

भेगांचे कारण आकुंचन. ओलावा शेकडा 30 च्या सुमाराच्या खाली गेला की लाकूड आकसू लागते, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेने ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट आकसते. त्यामुळे फळी वाकते. टोकांतून पाणी लवकर सुटते, म्हणून भेगा तेथे आधी पडतात.

चिडाच्या फळीवरील निळसर डागांनी ताकद फारशी घटत नाही, परंतु एके काळी ओल होती याची ती साक्ष होय. अशा ठिकाणी टोच्या खुपसून पाहावा. तो सहज शिरला, किंवा कपची लांब न निघता तुकडा पडला, तर कूज आहे असे समजावे. देवदाराचा गाभा टिकाऊ असतो. सालीजवळचा फिकट भाग तसा नसतो.

साठवण करताना चळत जमिनीपासून फूटभर उंच व भिंतीपासून दूर असावी. प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या पट्ट्या, एकावर एक सरळ रेषेत ठेवाव्यात. वर छप्पर असावे, बाजू मोकळ्या असाव्यात. प्लास्टिकने चहूबाजूंनी गुंडाळू नये. आत दमटपणा कोंडतो. टोकांना रंग लावावा. वाळवीची माती दरमहा पाहावी.

कार्यकारी मंडळास आमची विनंती एवढीच, की पावसाळ्यापूर्वी एकदा चळत उलगडून पाहावी. निरोगी फळ्यांची बाके, कपाटे खुशाल करावीत. छताचा भार घेणाऱ्या तुळईविषयी मात्र सुताराचा व अभियंत्याचा, दोघांचाही होकार घ्यावा. शंका उरली, तर ती तुळई वर चढवू नये.