मण्यार चावल्यावर श्वास का थांबतो?

पावसाळ्यात नारायणगाव, जुन्नर, आंबेगाव भागात आपली माणसे दिवसभर टोमॅटोच्या, उसाच्या रानात राबतात आणि रात्री जमिनीवरच अंथरूण टाकतात. मण्यार रात्रीच फिरतो आणि झोपेत चावतो. सूज नाही, फारशी वेदना नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, घास गिळवत नाही, बोलणे गेंगाणे होते. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. इथेच वेळ जातो.

शरीरात काय घडते ते पाहू. मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढी फट असते. हालचालीचा निरोप आला की तंतूच्या टोकातल्या बारीक पिशव्या उघडतात. एकेका पिशवीतून ॲसिटिलकोलीन या रसायनाचे हजारो रेणू फटीत सांडतात. पलीकडे स्नायूवर कुलपासारखी ग्राहके असतात. एका कुलपाला दोन रेणू लागले की ते उघडते आणि स्नायू आकसतो. नागाचे विष ही कुलपे अडवते. मण्यारचे विष मुख्यतः तंतूचे टोकच निकामी करते.

हा व्यवहार सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उरकतो. म्हणून शास्त्रज्ञांनी तो संगणकात उभा केला. त्याला मदत झाली ती विषाचीच! १९६३ साली तैवानमध्ये तिथल्या मण्यारच्या विषातून अल्फा-बंगॅरोटॉक्सिन वेगळे काढले गेले. ते ग्राहकांना घट्ट चिकटते, त्यामुळे त्यावर किरणोत्सारी खूण लावून ग्राहके मोजता आली. १९९१ मध्ये अमेरिकेत बार्टोल, साल्पीटर आणि सहकाऱ्यांनी या फटीतला रेणूंचा प्रवास संगणकावर चालवून दाखवला. आता रेणू, पेशी आणि पेशींचे जाळे अशा पायऱ्या जोडून मेंदूचेही असे नमुने करतात.

आपल्यासाठी यातला धडा साधा आहे. प्रतिविष रक्तातले विष निष्प्रभ करते. बिघडलेले टोक दुरुस्त करत नाही. ते शरीर स्वतः करते, त्याला दिवस लागतात. तोवर श्वास यंत्राने द्यावा लागतो. म्हणून प्रतिविष लवकर हवे आणि व्हेंटिलेटरची सोय जवळ हवी.

रात्रपाळीत आम्ही अंबू बॅग दाबत असे पेशंट सांभाळले आहेत. डोळे मिटलेले, बोटही हलत नाही, नातेवाईक रडू लागतात, "गेला." पण बिघाड फटीत असतो, मेंदूत नाही. तो सगळे ऐकत असतो. त्याच्या उशाशी धीराचेच बोला.

नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत अनेक वर्षे सर्पदंशावर उपचार आणि जागृती करत आहेत. आपणही वस्तीत एवढे सांगू या: मच्छरदाणी गादीखाली खोचून, शक्यतो खाटेवर झोपा. चावल्यास आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. पेशंटला चालवू नका. १०८ ला फोन करा. मांत्रिकाकडे घालवलेला प्रत्येक तास त्या माणसाच्या श्वासातून वजा होतो.